नापासकाकांची जपानी पद्धत

जगातली कुठलीही वाकडी वस्तू मी सरळ करू शकतो. अपवाद एकच, बायकोचा भाऊ!

ही फुशारकी नाही, मंडळी. डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात मी उभी हयात तपासनीस म्हणून काढली. पट्ट्यावरून झाकण येणार, मी ते पोलादी कड्यातून घालून बघणार. गेलं तर पास, अडलं तर नापास! पुढे पुढे तर कडं हातात धरायचीही गरज उरली नाही. झाकण लांबून येताना दिसलं की माझी डावी भुवई आपोआप वर जायची आणि गुन्हेगार झाकण स्वतःच लाजून पट्ट्यावरून खाली उडी मारायचं! कारखान्यात मला सगळे 'नापासकाका' म्हणत. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी ते कडंच मला भेट दिलं. नव्या तपासनिसाच्या हाती ते लागू नये आणि कारखाना जरा सुखाने चालावा, असाही त्यांचा हेतू असेल. असो.

डोळ्याला लागलेली सवय काही जात नाही. पूर्ण चंद्र उगवला की लोक 'वा वा' म्हणतात, मला तो डाव्या अंगाने किंचित दबलेला दिसतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला, तर मी म्हणालो, "वाचतो, पण आधी तो सरळ करा. उजवीकडे उतरलाय." त्यांनी उठून पाहिलं, खरंच उतरला होता! चष्मा राहिला बाजूला, त्यांनी माझ्याकडून दवाखान्याच्या सगळ्या खिडक्या तपासून घेतल्या.

अशा माणसाच्या घरात सून आली ती मातीची भांडी घडवणारी!

आता सांगतो, सून मिळावी तर अशी. ऑफिसातली चांगली पंख्याखालची खुर्ची सोडून तिने घरामागच्या गॅरेजात चाक मांडलं. (गॅरेजात गाडी कधीच नव्हती, त्यामुळे कुणाची गैरसोय झाली नाही.) शेजारी विजेची भट्टी बसवली. ती चाकावर बसली की मी वर्तमानपत्र घेऊन दारातच खुर्ची टाकायचो. पेपर नावाला! मातीचा गोळा चाकावर थापटते, ओल्या हातांच्या ओंजळीत धरते, आणि तो गोळा असा वर उठतो, जसं झोपलेलं पोर आईच्या हाकेनं उठून बसतं. अंगठा आत गेला की पोकळी, बोटं वर सरकली की भिंत. चाकाचा तो घूंऽऽ आवाज ऐकताना मला दुपारी डुलकी लागायची ती थेट चहाला जाग यायची. अशी झोप कारखान्यात भोंग्याखालीसुद्धा लागली नव्हती!

पण एवढं सुरेख गोल भांडं चाकावरून उतरलं, की ही पोरगी काय करायची? दोन्ही हातांनी त्याला जरासं दाबायची! काठ एकीकडे झुकलेला, पोटाला अंगठ्याचा खळगा, तळ किंचित फेंगडा. मी डोळे मिटून घ्यायचो.

पहिल्या भट्टीतला पहिला पेला तिने मलाच दिला. मी तोंडाला लावला आणि निम्मा चहा सदऱ्यावर!

"बाबा, तिकडून नाही. जरा फिरवा. ओठ कुठे लावायचा ते पेलाच सांगतो."

ज्या माणसाचे केस चहा पिण्यात पिकले, त्याला चहा कसा प्यायचा ते पेल्याने शिकवायचं! मी फिरवला. आणि खोटं कशाला बोलू, एका जागी काठ असा काही खाली उतरला होता की ओठ तिथे आपसूक टेकला. चहा नेहमीपेक्षा गोड लागला. पण तपासनिसाचा आत्मा! मनातल्या मनात शिक्का मारला, नापास.

"जपानी लोकांमध्ये एक विचार आहे, बाबा. वाबी-साबी."

"कोण त्या? जुळ्या बहिणी?"

"बहिणी नव्हेत हो! जे थोडं तिरकं आहे, अपुरं आहे, वापरून जुनं झालंय, त्यात एक सौंदर्य असतं. बिनचूक वस्तूकडे आपण एकदाच बघतो. चुकलेल्या वस्तूकडे पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं."

"मीही पुन्हा पुन्हा बघायचो, आणि मग भंगारात टाकायचो!"

ती खळखळून हसली. माझ्या प्रत्येक विनोदाला हसते, हा तिचा दुसरा मोठा गुण. तिची सासू इतक्या वर्षांत दोनदाच हसली, आणि त्यातल्या एका वेळी मी विनोद केलाच नव्हता, घसरलो होतो.

मी मात्र मनात हिशेब मांडला. चाक जुनं, कुणाकडून तरी घेतलेलं. ते लचकत असणार. पोरगी गुणी, ती चाकाला नावं न ठेवता दोष स्वतःच्या अंगावर घेते, आणि लाज झाकायला जपान्यांची शाल पांघरते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचणारी पट्टीची, अंगणच वाकडं!

एका सकाळी माझी खात्रीच पटली. एका कॅफेवाल्या बाईंनी तिला पहिली मोठी ऑर्डर दिली होती. त्यांचा नवा कॅफे उघडायचा होता, आणि तिथले सगळे वाडगे आमच्या सूनबाईच्या हातचे हवे होते. फळीभर कच्चे वाडगे तयार होऊन सुकायला बसले होते. आणि सूनबाई फिरतीवर गेलेल्या आमच्या चिरंजिवांशी फोनवर बोलत होती. मी चोरून ऐकत नव्हतो. माझा कान दारापाशी होता, एवढंच.

"नाही रे, एकही मनासारखा नाही. बघितल्याबरोबर खटकतात. असले वाडगे देऊन मी तोंड कुठे दाखवू? ... नव्याने करायला वेळ कुठाय? त्यांचा कॅफे उघडायला आलाय. ... नाही जमलं तर ऑर्डर सोडून देईन. मग चाकही विकून टाकते, आणि जाते परत ऑफिसात."

चाक विकते? माझ्या काळजाचं पाणी झालं! म्हणजे तो घूंऽऽ बंद? दारातली खुर्ची बंद? ही ओंजळ पुन्हा फायलींवर?

फोन ठेवून ती बाहेर आली, डोळे पुसले, आणि मला पाहून हसली. "बाबा, मी भांड्यांना चकाकी देणाऱ्या ग्लेझची पूड आणायला जाते, संध्याकाळ होईल. वाडग्यांवरचं ओलं फडकं तेवढं बघाल? सुकू द्यायचं नाही. बाकी कशालाच हात लावायचा नाही हं!"

"लावला तर नापास म्हण!" मी म्हणालो.

ती कोपऱ्यावरून वळली आणि मी पोलादी कडं काढलं!

कच्ची माती अशा वेळी मजेदार असते. ओली नाही, कोरडी नाही. नव्या चपलेच्या चामड्यासारखी, दाबलं तर ऐकते, जोर केला तर रुसते. स्वयंपाकघरातला एक स्टीलचा डबा वाडग्याच्या आत बसवला, बाहेरून लाटणं हळूहळू फिरवलं, काठ अंगठ्याने उचलून पातळीत आणला, आणि वरून कडं घातलं. सटकन! पास! काय सांगू, मंडळी, हाताला जी जुनी नशा चढली! एकेक वाडगा उचलायचा आणि एकेक नापास पोरगा पहिल्या नंबरात आणून बसवायचा!

"अहो, माझं लाटणं कुठाय?" आमची ही दारात उभी.

"देशकार्यात आहे."

"आणि हे काय चालवलंय? सूनबाईने हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"अगं, तिची नोकरी... म्हणजे नोकरीपासून तिलाच वाचवतोय! बघ तरी!"

तिने पदराला हात पुसत फळीवरून नजर फिरवली. एकाच मापाचे, एकाच उंचीचे, कवायतीला उभे राहिल्यासारखे वाडगे! "अगंबाई! अगदी बाजारातून आणल्यासारखे!" ती म्हणाली.

आमच्या घरात याहून मोठी पदवी नाही. माझी छाती फुगली ती सदऱ्याचं बटण तोडून थांबली!

आणि तेवढ्यात कॅफेवाल्या बाई आल्या. संध्याकाळी येणार होत्या, पण म्हणे इकडून चाललेच होते, राहवलं नाही. बाईंचं वय माझ्या आसपास, हातात कापडी पिशवी, चालण्यात घाई. "मला फक्त एकदा बघायचेत. मागच्या आठवड्यात पाहिल्यापासून तो एक वाडगा डोक्यातून जातच नाही."

मी थाटात फडकं बाजूला केलं. जादूगार करतो तसं!

बाई बघतच राहिल्या. मी कौतुकाची वाट पाहत होतो. त्यांचा चेहरा मात्र असा उतरत गेला, जसा दूध नासल्यावर आमच्या हिचा उतरतो.

"हे... कारखान्यात करून आणले का?"

"अगदी!" मी आनंदाने ओरडलो. "तस्सेच दिसतात ना?"

"हो ना," बाई हळूच म्हणाल्या. "तस्सेच दिसतात." त्यांनी एक वाडगा हातात घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला, जणू त्यात काहीतरी हरवलं होतं. "माझा तो कुठे गेला हो? एका बाजूला काठ असा कलला होता. पोटाला अंगठ्याचा खळगा होता, माझा अंगठा बरोबर तिथे बसायचा. मला वाटलं, कुणीतरी आपल्या हातात हात दिला. अशा गोल वाडग्यांची तर दुकानात रास पडलीय. त्यासाठी मी तुमच्या दारात कशाला आले असते?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं! म्हणजे चाक लचकत नव्हतं. जपान्यांची शाल खरी होती. आणि मी, नापासकाका, एका गुणी पोरीच्या बोटांच्या खुणा फळीभर पुसून बसलो होतो! ऑर्डर आता माझ्याच हातून चालली होती. तिच्यामागून चाकही जाणार!

संकटात माणसाला खरं सुचत नाही. मला खोटं फार पटकन सुचतं, ही देवाची देणगी.

"बाई," मी घसा खाकरला, "हे अजून अर्धवट आहेत. हे वाकडे व्हायचेत अजून!"

"म्हणजे?"

"म्हणजे असं, आधी वाकडे करायचे. मग सरळ करायचे. आणि मग पुन्हा वाकडे. जपानी पद्धत! तिकडे म्हणे एकेक वाडगा आयुष्यभर वाकडा-सरळ, वाकडा-सरळ करत बसतात. बाप सरळ करून मरतो, मग मुलगा वाकडा करतो!"

माझ्या मागे आमच्या हिला ठसका लागला. बाईंनी मात्र डोळे विस्फारले. "केवढी साधना! मग मी संध्याकाळी येते, सूनबाई आल्यावर. ठरवायचं ते आजच ठरवायला हवं."

बाई गेल्या. ही माझ्याकडे बघत होती. "आता?"

"आता काय, करायचे पुन्हा वाकडे! हाय काय नि नाय काय!"

इथे, मंडळी, मला आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा मिळाला. वाकडं करणं महाकठीण! मी पहिल्या वाडग्याला अंगठ्याने खळगा पाडला. दुसऱ्याला पाडला. तिसऱ्याला पाडला. लांबून पाहिलं तर सगळे खळगे एका रेषेत, एका खोलीचे! मी कडं लावून बघितलं, केसाइतकाही फरक नाही! वाकडेपणासुद्धा मी मापात काढला होता. लग्नाच्या वरातीत एकाच शिंप्याचे कोट घातलेले व्याही उभे असावेत तसे ते वाडगे दिसत होते.

"सरा बाजूला," ही म्हणाली. तिने काठ चिमटीत धरून दाबला. पण ती जात्याच टापटिपीची. काठाभोवती चिमट्यांची अशी सुबक झालर उमटली की उशीच्या अभ्र्याने लाजावं! आम्ही दोघांनी कपाळाला हात लावला, तोही मातीचा. पुन्हा डबा, पुन्हा लाटणं, पुन्हा सगळे सरळ करून ठेवले. निदान पाटी तरी कोरी असावी!

"यासाठी जन्मजात वाकडा माणूस हवा," मी म्हणालो.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"तो माझा भाऊ आहे, म्हटलं!" ही कडाडली.

"म्हणूनच बोलव ना!"

माझा मेव्हणा पलीकडच्या गल्लीत राहतो. त्याचा भांग वाकडा, मिशी वाकडी, सायकल लावली तरी ती भिंतीशी भांडून उभी राहिल्यासारखी. आमच्या दिवाणखान्यात त्याने एक फळी ठोकून दिलीय. तिच्यावर ठेवलेला रेडिओ बातम्या संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो! आणि यातली गंमत अशी, की आपला हात फार नेमका आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. ती मोडायची नाही, अशी त्याच्या ताईची मला लग्नापासूनची ताकीद.

तो आला. मी आवाजात साखर घोळली. "हे बघ, या वाडग्यांवरून तुझा हात फिरव. तुझ्या नेहमीच्या पद्धतीने. बाकी काही विचारू नकोस."

त्याचे डोळे पाणावले! "दाजी! आज पहिल्यांदा तुम्ही मला काम सांगितलंत. तुम्ही! नापासकाकांनी!" त्याने बाह्या सारल्या, चष्मा पुसला. "ताई, घाबरू नकोस. दाजींना नाव ठेवायला जागा ठेवणार नाही!"

आणि तो बसला. मी निश्चिंत होऊन हात धुवायला गेलो. परत येऊन बघतो तर काय! जीभ दातात धरलेली, श्वास रोखलेला, माझं कडं त्याच्या हातात, आणि तो वाडग्यामागून वाडगा घासूनपुसून इतका गोल करत होता, की माझे वाडगे त्यापुढे बटाटे वाटावेत! जन्मभर वाकडा वागलेला माणूस नेमका आज सरळ झाला होता!

"अरे, काय हे!" मी किंचाळलो.

"आवडलं ना, दाजी? घालून बघा कड्यातून!"

मी घातलं. सटकन! मला रडू आलं, त्याला वाटलं आनंदाने आलं. त्याने मला मिठी मारली. आणि त्याच अवस्थेत, मी मातीने माखलेला, मेव्हणा गळ्यात, ही लाटणं घेऊन उभी, सूनबाई दारात आली.

हातातली पिशवी तिने अलगद खाली ठेवली. फळीकडे गेली. एक वाडगा उचलला, दुसरा उचलला. काही बोलेना. सून ओरडली तर सासऱ्याला मान वर करता येते हो. गप्प बसली की तो मेला!

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "यावर माझं एकही बोट राहिलेलं नाही."

मी तोंड उघडलं, पण त्या दिवसाचा खोट्याचा साठा संपला होता. तेवढ्यात फाटक वाजलं. कॅफेवाल्या बाई!

"आलात तुम्ही?" बाई उत्साहाने सूनबाईचा हात धरून म्हणाल्या. "तुमच्या सासऱ्यांनी मला सगळी पद्धत समजावली. आधी वाकडे, मग सरळ, आणि मग पुन्हा वाकडे! मी दुपारपासून त्याचाच विचार करतेय. पण ते पुन्हा वाकडे होतात कसे?"

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छत डावीकडे किंचित उतरलंय, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

सूनबाईने हातातल्या वाडग्याला कुरवाळलं. आणि मग तिच्या कपाळावरची आठी एकदम सुटली, जणू तिला स्वतःलाच काहीतरी आठवलं. "बाबा सांगतात ते..." ती सावकाश म्हणाली, "तसं अगदी खोटं नाही. मातीला आठवण असते. तिला एकदा वाकवलं आणि मग सरळ केलं, तरी ती विसरत नाही. भट्टीची आग लागली की पुन्हा वळते. किती वळेल, कुठे वळेल, ते मात्र तिच्या मनावर. भट्टी उघडल्यावर या. नाही आवडले तर ऑर्डर नाही."

बाई गेल्या. मेव्हणाही 'पुन्हा लागलं तर सांगा' म्हणत छाती काढून गेला.

"हे खरं आहे?" मी चाचरत विचारलं.

"खरं आहे. पण नेहमी होतंच असं नाही. तडेही जातात. तसेच सरळही राहतात."

"म्हणजे, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच?"

एवढं सगळं होऊनही ती हसली! मी म्हटलं ना, गुण! मग पायरीवर बसत म्हणाली, "खरं सांगू का, बाबा? ते वाडगे मलाही आवडले नव्हतेच. मी काठ कलवले होते, पण मुद्दाम कलवले होते. बाई खुश झाल्या ना, तसं तेच तेच करत सुटले. मुद्दाम केलेली चूक लगेच ओळखू येते, बाबा. नाटकात रडणाऱ्या माणसासारखी."

पुढचे दिवस मी जगलो कसा ते विचारू नका. भट्टी दोनदा लागते, एकदा कच्च्या मातीला आणि एकदा वरून ग्लेझ दिल्यावर. दोन्ही वेळा मी भट्टीला प्रदक्षिणा घालून घालून गॅरेजच्या फरशीला पायवाट पाडली! कान लावून ऐकायचो, आतून कूस बदलल्याचा आवाज येतो का. म्हटलं, माते, आठव! मी केलं ते विसर, तिने केलेलं आठव!

भट्टी थंड झाली. बाई आल्या. सूनबाईने झाकण उचललं आणि आम्ही सगळे वाकलो.

मंडळी, काय दिसावं! करडा रंग, जळलेल्या लाकडाच्या राखेसारखा, आणि त्यात मध्येच निळी झाक, पाऊस पडून गेल्यावर डबक्यात आभाळ उतरतं तशी. ग्लेझचा एखादा ओघळ तळापर्यंत यायला निघाला आणि वाटेत विचार बदलून थांबला. आणि काठ! हेडमास्तरांनी 'सावधान' म्हणून उभं केलेली पोरं, हेडमास्तरांची पाठ वळताच सैल होतात ना? कुणी एका पायावर भार देतो, कुणी खांदा टेकवतो, कुणी नुसताच मान कलती करून खिडकीबाहेर बघतो. तस्से! सरळ राहण्याचा मनापासून प्रयत्न केलेले, आणि तरीही न राहिलेले. थोडे माझ्या हाताने, थोडे तिच्या, आणि बाकी स्वतःच्या मर्जीने. कुठेही नाटक नाही!

माझी डावी भुवई वर गेली नाही. उलट डोळाच भरून आला.

बाईंनी एक वाडगा दोन्ही हातांत धरला. फिरवला. फिरवता फिरवता एका जागी थांबला, आणि त्यांचा अंगठा अलगद आत बसला. वाडगा त्यांनी छातीशी धरला. मग म्हणाल्या, "हे सगळे माझे. आणि पुढच्या महिन्यात एवढेच आणखी. पण हो, याच पद्धतीने!"

सूनबाईने माझा हात घट्ट दाबला. चाक वाचलं! घूंऽऽ वाचला! माझी दुपारची झोप वाचली!

भट्टीच्या तळाशी एकच वाडगा तसाच गोल राहिला होता. कड्यातून जाईल असा. सूनबाईने तो उचलला, फिरवला आणि बाजूला ठेवला. "हा नापास, बाबा." तो मी मागून घेतला. रोज सकाळी त्यातच चहा पितो. पण काय सांगू, फिरवून फिरवून थकतो, कुठे ओठ लावायचा ते बेटा सांगतच नाही!

तर अशा रीतीने मी घराण्याचा अधिकृत सरळकर्ता झालो. सूनबाई वाडगे वाकवायची, मी सरळ करायचो, भट्टी पुढचं बघायची. मी गल्लीभर सांगत सुटलो की जपानहून बोलावणं आलंय, पण मला वेळ नाही.

नव्या खेपेची भट्टी उघडली. सूनबाईने एक वाडगा पाहिला, दुसरा पाहिला. मान खाली घातली.

"काय झालं?"

"बाबा, रागावू नका हं. हे... मुद्दाम वाटतात."

खरंच होतं! आता मला ठाऊक होतं ना, की शेवटी वाकडंच व्हायचंय! हात सरळ करता करता हळूच वाकड्याला डोळा मारत होता. आयुष्यभराचा प्रामाणिक हात, म्हातारपणी कलेच्या नादी लागून बिघडला! मी डबा, लाटणं आणि कडं तिच्यासमोर ठेवलं. तपासनिसाला नियम कळतो. अडलं तर नापास!

"मग आता?" मी विचारलं. "जीव तोडून, मनापासून, खरोखर सरळ करणारा माणूस आणायचा कुठून?"

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला. "मी सांगू का?"

तेव्हापासून दर आठवड्याला माझा मेव्हणा येतो. एप्रन बांधतो, तोही वाकडा. माझ्या खुर्चीशेजारी बसतो, माझं कडं हातात घेतो, जीभ दातात धरतो, आणि एकेक वाडगा असा गोल करतो की ज्याचं नाव ते! आपल्याला काय हवंय ते त्याला सांगायचं नाही, अशी घरात सगळ्यांना सक्त ताकीद आहे. भट्टी उघडली की बिचारा हळहळतो. "परत वाकडे निघाले हो, दाजी! ही भट्टीच खराब आहे. पुढच्या खेपेला बघा, एक वाडगा हलू देणार नाही!" आणि दुप्पट मन लावून कामाला लागतो. कॅफेवाल्या बाई त्याला 'गुरुजी' म्हणतात.

माझ्याकडे ओलं फडकं आहे.

"दाजी, फडकं घातलं का?" तो चष्म्यावरून विचारतो.

"घातलं!" मी म्हणतो. आणि घालताना एक कोपरा जरा तिरका सोडतो. तेवढीच आपली कला! पण दारापर्यंत गेलो की पाय निघत नाही हो. इकडे तिकडे बघतो, गुपचूप मागे फिरतो, आणि कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवतो.